चेक भाषेतला आग्रह

वृंदाच्या चेक सुनेची आई ब्रनोहून पहिल्यांदाच नेदरलँड्समधल्या कापेलला जेवायला येणार होती. विहीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून वृंदाने आठवडाभर मुलाला वेठीला धरलं. ती मराठीत सांगायची, अंबरीश ते इंग्रजीत टाइप करायचा आणि फोन चेकमध्ये बोलून दाखवायचा.

"आई, 'आणखी घ्या', 'लाजू नका', 'एवढंसंच?', 'माझ्यासाठी एक तरी'... सगळ्याचं इंग्रजी एकच होतंय, 'प्लीज ईट मोअर'!"

"मग वेगवेगळं शोध. चहाबरोबर एक बिस्कीट देऊन डबा बंद करायला मी काही डच नाही."

रविवारी वृंदा सगळं चेक न अडखळता बोलली. विहीणबाई दरवेळी हसल्या आणि दरवेळी घेत गेल्या. चौथ्या पुरणपोळीनंतर मात्र त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि लेकीने स्वानुभवावरून शिकवून ठेवलेला एकुलता एक मराठी शब्द स्वच्छ उच्चारला, "पुरे!"

वृंदाला अगदी भरून आलं.

"अगंबाई, किती गोड मराठी बोलता हो!" म्हणत तिने कौतुकाने पाचवी पोळी वाढली.