ताईला हसवू नकोस

“डॉक्टर, सिझर झालेली बाई हसली तर टाके उसवतात का हो?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून ताईच्या खाटेपाशी मी विचारलंच! आईने डोळे वटारले. भूल देणाऱ्या डॉक्टर मात्र हसल्या. “उसवत नाहीत, पण दुखतात फार. म्हणून तर पोटाच्या दोन्ही बाजूंना बधिर करणारं इंजेक्शन दिलंय. हसव खुशाल!”

मागच्या सिझरनंतर ताई इतकी कळवळायची, की तिला बाळही जवळ घेववत नव्हतं. मी भीतभीतच म्हटलं, “ताई, लेक बघ तुझी! विकेट पडल्यावर बाबांचं होतं, तस्सं तोंड केलंय!”

ताई खळखळून हसली. मग दचकून तिने पोटावर हात ठेवला. “अगंबाई, दुखलंच नाही! आण तिला इकडे.” आणि बाळ चक्क कुशीत!

“आई, माझं ठरलं! मी भूल देणारी डॉक्टर होणार!”