खिंडीपर्यंत न थांबता

गिरणीचा पट्टा. भंगारातला ब्लोअर. आईच्या कुकरची शिट्टी.

एवढ्यावर अप्पांनी थरथरत्या हातांनी जुन्या फियाटसाठी इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर बनवला. "दाब वाढला की शिट्टी उडेल, इंजिन वाचेल," ते म्हणाले. "यंदा खिंडीपर्यंत न थांबता जायचं."

"आधी माझ्या कुकरला शिट्टी आणा," आई म्हणाली.

रोजच्या चाचणीत चढ लागला की शिट्टी उडायची, गाडी दमायची आणि अप्पा अर्ध्या वाटेतून परत फिरायचे.

आज शिट्टी उडलीच नाही. घाट चढताना अप्पा गुणगुणत होते. खिंड दिसली आणि बॉनेटखाली धडाका झाला. इंजिन फुटलं.

अप्पा बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझंच गणित चुकलं. आता पान्याला हात लावणार नाही."

सकाळी शिट्टी तारेने आवळून बांधली होती ती मी.