उर्वशीचं तण

उर्वशीने सायकल वाटेवरच टाकली आणि वावरात धावली. तण नाहीसं झालं होतं.

शहापूरच्या तलावामागचा हा तुकडा सासऱ्यांनी तिला अभ्यासासाठी दिला होता. तिने त्यात सागाची रोपं लावली आणि मधोमध दोरी बांधून दोन भाग केले. एका भागातलं तण काढायचं, दुसऱ्यात हवं तेवढं माजू द्यायचं, आणि दर महिन्याला दोन्हीकडच्या रोपांची उंची नि जाडी मोजायची. तण रोपाला किती मागे ओढतं, हे तिला शोधायचं होतं. तिची सगळी पदवी त्या माजलेल्या तणावर उभी होती. आता तिथे तरोट्याचं पानही उरलं नव्हतं. न्हाऊ घातल्यासारखी रोपं लख्ख उभी होती.

बांधावर तिची सासू सुंदरबाई खुरपं घेऊन बसली होती. शेजारची निर्मलाबाई आणि आणखी दोघी बाजूला घाम पुसत होत्या.

उर्वशीचं डोकं सणकलं. लग्न झाल्यापासून सुंदरबाईचं एकच पालुपद होतं, “मोजल्यानं रोप वाढते का? घरातलं पाहावं.” आज हिने डाव साधला! उर्वशीने तिथूनच कॉलेजातल्या सरांना फोन लावला.

“सर, सगळं संपलं. ठेवायचं तणही निंदून टाकलं.”

“कोणी?”

नाव अगदी ओठांवर आलं. पण सुंदरबाईचे हात कोपरापर्यंत ओरखडले होते, आणि ती उर्वशीच्या तोंडाकडे टकामका पाहत होती.

“माझीच चूक, सर. घरी सांगायचं राहिलं.”

सर हसले. “रडू नका. उशिरा मोकळं झालेलं रोप कितपत सावरतं, ते आता मोजा. तोही अभ्यासच आहे.”

उर्वशी फोन ठेवून बांधावर बसली.

“म्हंजे तो कचरा ठेवाचाच होता?” सुंदरबाईने हळूच विचारलं.

“हो, आई. पण तुमी काहून काढला?”

“तलावावर रोज आयकून राहिली होती मी. सुंदरबाईची सून आळशी हाये म्हणे, अर्धं वावर कचऱ्यात ठेवते म्हणे.”

निर्मलाबाई एकाएकी दुसरीकडे पाहू लागली. बाकीच्या दोघींनीही माना खाली घातल्या.

सुंदरबाईने लुगड्याची माती झटकली आणि तिघींकडे खुरपं रोखलं.

“मंग याइलेच धरून आणलं निंदाले. माह्या सुनेले बोलाचं असन, त मी बोलीन. ह्या कोन?”