मार खाण्याची तालीम

"उशीर झाला," अजमत म्हणाला. "हात गालाजवळ यायच्या आधी मान फिरली पाहिजे. थप्पड बसल्यावर मान फिरवणारे गल्लोगल्ली सापडतात, बेटी. त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत न्हाई."

शीतल मान डोलावून पुन्हा उभी राहिली. समोर तिचा नवरा भारत हात उगारून तयार होता. जुन्या जालन्यातल्या एका रिकाम्या कापडगोदामात कलापथकाची तालीम चालायची. बाकीचे कलाकार चहाला गेले होते.

अजमत पथकाचा सोंगाड्या. लसीकरणापासून शौचालयापर्यंत जे काही लोकांच्या गळी उतरवायचं असेल, त्यासाठी पारावर आधी कुणाला तरी मार खावा लागतो. इतकी वर्षं तो अजमतनेच खाल्ला होता. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्याने भारतला हाताशी धरलं. भारत अंगाने आडदांड, मनाने लोणी. सुरुवातीला त्याच्याच्याने खोटी थप्पडसुद्धा मारवत नव्हती. "मारणारा नुसता हात हलवतो," अजमत त्याला सांगायचा. "आवाज खाणाऱ्याचा असतो." खाणाऱ्याने छातीशी आपलीच टाळी अशी वाजवायची, की पुढच्या रांगेतल्यालाही गालच वाजला असं वाटावं.

आता भारत बायकोला घेऊन आला होता. बाईमाणूस सोंगाड्या होणार म्हणून अजमत हरखून गेला. पथकात अशी एकही नव्हती.

"पथकासाठी न्हाई, उस्ताद," भारत खाली बघत म्हणाला. "घरासाठी पाहिजे."

अजमतला कळेना. मग शीतलनेच सांगितलं. तीर्थपुरीला घर एकत्र. मोठा दीर कडूबा कर्ता. भारतला त्यानेच लहानाचं मोठं केलेलं, म्हणून त्याच्यासमोर भारतची मान वर होत नाही. बायको मोठ्याने हसते, नवऱ्याला नावाने हाक मारते, हे कडूबाला खपत नाही.

"रोज म्हणतेत, हिला वळण लाव," शीतल म्हणाली. "परवा म्हणले, तुझ्या हातानं होत नसंल तर माझा हात हाय."

"जालन्यात खोली पाहून राह्यलो," भारत म्हणाला. "पण तवर तरी दादाला काही ऐकू गेलं पाहिजे ना."

अजमत आधी हसला. मग त्याला हसल्याची लाज वाटली. आपली कला कुठे जाऊन पोचली, असं त्याच्या मनात आलं. पण तो चपला काढून उभा राहिला आणि होतं नव्हतं ते सगळं त्याने शिकवलं.

दार लावून करायचं, म्हणजे डोळ्यांना काम नाही, सगळा कारभार कानांचा. थपडा सारख्या नकोत. एक कोरडी, तर एक दबकी. भांडं पाडायचं ते भिंतीकडून, म्हणजे घरंगळत दारापर्यंत येतं. पडताना आधी दंड, मग कंबर. "आणि पडल्यावर जल्दी रडायचं न्हाई. थांबायचं. माणूस त्या थांबण्याला घाबरतो."

थांबणं मात्र शीतलला जमेना. जमिनीवर पडल्या पडल्या तिचे खांदे हलायला लागायचे. मग भारतही हसायचा आणि अजमत कपाळावर हात मारून घ्यायचा.

तरी खेळ लागू पडला. भारत तालमीला आला की सांगायचा, दादा अंगणात बाजेवर बसून ऐकतो आणि बिलकुल खूश असतो. अजमतला हे ऐकून बरं वाटायचं. तिच्या अंगाला कुणाचा हात लागत नव्हता, हे खरं.

दिवाळीनंतर पथकाला सुट्टी लागली. अजमतला राहवेना. शिष्यांचा खेळ एकदा प्रेक्षक होऊन ऐकावा म्हणून तो एसटीने तीर्थपुरीला उतरला. बाजाराचा दिवस होता. विचारत विचारत तो घरापाशी पोचला, तर दार आतून लावलेलं, आणि आत थप्पड वाजली.

अंगणातली बाज रिकामी होती. ऐकणाराच नाही, म्हणजे हा खेळ नव्हे, रियाज चालला होता. अजमतचा ऊर भरून आला. सांगायला कुणी नसताना पोरं मेहनत घेतात, उस्तादाला आणखी काय पाहिजे?

तो बाजेवर टेकला आणि डोळे मिटून ऐकू लागला. आवाज पूर्वीपेक्षा जड झाले होते. हे त्याने शिकवलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच शोधून काढलं असणार. भांडं पडलं. शीतल ओरडली, आणि त्या ओरडण्यात कुठेही नाटक नव्हतं.

शेजारची उषाबाई हातातलं सूप तसंच घेऊन अंगणात आली.

"अहो, कुणी सोडवा की तिला," ती म्हणाली. "आज लईच चाललंय."

"काही होत न्हाई, ताई. नवरा-बायकोचं हाय, आपण मधी पडू नये." हे बोलताना अजमतला आतून गंमत वाटली. पारावरच्या खेळात नेमक्या याच वाक्यावर त्याला मार पडायचा.

उषाबाई ऐकेना. ती दाराकडे निघाली, तेव्हा तो उठून आडवा झाला. एक कडी वाजली असती, तर पोरांचं सगळं बिंग गावभर झालं असतं.

"माझं ऐका," तो म्हणाला. "आत्ता रडंल बघा ती."

आत काहीतरी जमिनीवर आदळलं. मग सगळं शांत झालं.

या वेळी तिला हसू फुटलं नाही. शांतता लांबत गेली, आणि दाराला पाठ लावून उभ्या असलेल्या अजमतच्या अंगावर काटा आला. एवढं थांबणं त्याला स्वतःलाही कधी साधलं नव्हतं.

"उस्ताद, तुम्ही इकडं कधी आले?"

अंगणात बाजाराची पिशवी घेऊन भारत उभा होता.