लाल पट्टी

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका पकडणारे नियम मी लिहिते. एका रकान्यातली वेळ दुसऱ्या रकान्यातल्या वेळेशी ताडून पाहायची आणि मेळ बसला नाही की लाल पट्टी दाखवायची. घाईत माणसं काय वाट्टेल ते भरतात. एका पठ्ठ्याने तर पेशंट भरती व्हायच्या आधीच त्याला घरी सोडलं होतं! म्हणून एक नियम मी अगदी डोळे मिटून लिहिला होता: आईच्या मृत्यूची वेळ बाळाच्या जन्मवेळेच्या आधीची असेल, तर नोंद घ्यायची नाही.

आज दुपारी प्रसूती विभागातल्या सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर आमचं बाळ घेत नाहीये."

"मृत्यूची वेळ काय टाकलीत?"

"अकरा वाजून सहा मिनिटं."

"आणि जन्माची?"

"अकरा दहा."

"मग उलटसुलट झालंय, सिस्टर. वेळांची अदलाबदल करा."

"काही उलटसुलट नाही झालेलं, बाई. तिचं हृदय माझ्या हाताखाली थांबलं. डॉक्टरांनी सुरी खाली ठेवली नाही. चार मिनिटांत बाळ बाहेर काढलं."

मी तो नियम काढून टाकला. "आता भरा," मी म्हटलं.

नोंद माझ्या स्क्रीनवर उमटली. दोन्ही वेळांच्या खाली मीच कधीतरी ठेवलेला एक साधा रकाना होता: जन्मताच रडलं का?

त्यापुढे लिहिलं होतं, हो.