अंबाड्यातली पेन्सिल

बायको गेल्यापासून चित्रकलेच्या सरांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. तरी ठरल्याप्रमाणे त्यांनी हौशी मंडळींना डोंगरामागच्या कोरड्या, पुरातन पायऱ्यांच्या विहिरीवर नेलं. "समोर दिसेल तेच काढा," म्हणाले आणि विहिरीकडे पाठ करून काठावर उभे राहिले.

चित्रं होतील तशी हातात येऊ लागली. पहिल्यात तळाच्या पायरीवर एक बाई बसली होती, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. ती खोचायची तऱ्हा सरांच्या ओळखीची होती. पुढच्या चित्रात बाई मध्यावर आली होती. त्यानंतरच्यात अगदी वर.

सरांनी वळून पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या.

मंडळींतल्या नर्सबाईंचं चित्र अजून व्हायचं होतं. "सर, जरा सरकता का? त्या तुमच्यामागे झाकल्या जातायत."

सर डावीकडे सरकले.

"राहू द्या," नर्सबाई म्हणाल्या. "त्याही सरकल्या."