नऊ वर्षांत एकही तक्रार नाही

हॉस्पिटलातल्या औषधांचे डोस ठरवणारा जुना प्रोग्राम नव्या मुलीने दुसऱ्या कॉम्प्युटर-भाषेत उतरवला. तीन महिन्यांचं काम तिने तीन आठवड्यांत उरकलं, तेव्हाच साहेबांच्या मनात पाल चुकचुकली होती. आज पहिल्याच सकाळी नव्या प्रोग्रामने अकरा पेशंटांचे डोस 'जास्त आहेत' म्हणून अडवले.

"कुठेतरी माती खाल्ली आहेस तू," तिच्या शेजारी खुर्ची ओढत साहेब म्हणाले. "माझ्या प्रोग्रामने नऊ वर्षांत एकालाही अडवलं नाही. दाखव, एकेक ओळ दाखव."

तिने दोन्ही प्रोग्राम शेजारीशेजारी उघडले. ओळीला ओळ जुळत होती.

"सर, जुनी भाषा आळशी. ज्याचं उत्तर पुढे कुणी मागत नाही, ते काम ती करतच नाही. नवी भाषा लिहिलेलं सगळं करते." तिने जुन्या प्रोग्रामवर बोट ठेवलं. "डोस तपासायची ही ओळ तुम्ही लिहिलीत, पण तिचं उत्तर पुढे कुठेच मागितलेलं नाही. ती कधी चाललीच नाही."

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग उठून दार लावून घेतलं.


"मॅडम, हे अजून कुणाला बोलला नाहीत ना?"